सांगड, बेलम आणि पंखानौका : उथळ पाण्याचा दुर्लक्षित इतिहास

१/
‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. विचार आणि कृती यांची सांगड, जुन्या-नव्याची सांगड. मूळ सांगड मात्र पाण्यावरची आहे. दोन ओंडके, दोन होड्या किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेले तरंगते साधन म्हणजे सांगड. आजचा धागा या सांगडीपासून विमानाचा पंखा लावलेल्या नावेपर्यंतचा आहे. प्रश्न एकच : जिथे पाणी गुडघाभर आणि गवत पुरुषभर, तिथे नाव चालवायची कशी? 🧵

२/
प्रश्न किरकोळ वाटेल. पण १९१६ साली पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी एक अख्खी डिव्हिजन शत्रूच्या हाती पडली, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात उभा होता. त्या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या. पुढच्या वर्षी लंडनमध्ये भारतमंत्र्याला पद सोडावे लागले. तिथपर्यंत जाण्याआधी आपल्याच नद्या पाहू.

३/
तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. टोकाला सुरतेसारखे जगप्रसिद्ध बंदर असूनही खानदेशातली तापी मालवाहतुकीचा जलमार्ग म्हणून कधी नावारूपाला आली नाही. काठ उंच आणि तासलेले, पात्र जागोजागी खडकाळ, पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात डोहांपुरते पाणी. खानदेशचा कापूस आणि धान्य गेले ते बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून आणि पुढे रेल्वेने.

४/
या प्रदेशाने कौशल्य कमावले ते पाणी वळवण्यात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणीवाटपासाठी पाटकरी, जागले यांसारखी गावाचीच माणसे नेमलेली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले पहिले महत्त्वाचे कामही पांझरेच्या परिसरातलेच : दातर्ती येथील सायफन.

५/
विसाव्या शतकात धरणे झाली आणि खानदेशाला एक नवेच भूदृश्य मिळाले : विस्तीर्ण, संथ आणि काठाला उथळ पाणी. भुसावळजवळचे ४१ दरवाज्यांचे हतनूर धरण हे त्याचे उत्तम उदाहरण. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला हे धरण आहे. दोन नद्यांचा गाळ येथे साचतो. गाळ साचला की पाणी उथळ होते, उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोहोचते आणि पाणवनस्पती माजतात. म्हणूनच हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात.

६/
पक्ष्यांना जे पाणी मानवते, ते नावेला मानवत नाही. साध्या मोटरबोटीचा पंखा पाण्याखाली फिरतो. गाळात तो रुततो, दगडावर आपटून त्याची पाती वाकतात आणि गवतात त्याला वेटोळे बसते. शिवाय अशी बरीच इंजिने थंड राहण्यासाठी बाहेरचेच पाणी आत ओढतात. ती वाट शेवाळाने तुंबली की इंजिन तापून बंद पडते. म्हणून आपल्या धरणांवरचे मासेमार आजही ट्रकची ट्यूब, थर्माकोलचे तुकडे, बांबू आणि दोर यांवर भिस्त ठेवतात. जुन्या सांगडीचाच हा नवा अवतार. भोपळ्याची जागा ट्यूबने घेतली, तत्त्व तेच राहिले.

७/
तण आणि नाव यांच्या या वैराला भारतात राजकीय इतिहासही आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली आणि काही दशकांत तिथले खाल, बिल आणि नद्या तिने व्यापल्या. होडी हेच जिथे वाहन, तिथे रस्तेच बंद झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. १९२१ साली या तणावर उपाय सुचवण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. १९३६ साली तर बंगालमध्ये जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला.

८/
उथळ पाण्यासाठी अभियंत्यांनी आधी दोन उपाय काढले. पहिला, मोठे वल्हेदार चाक नावेच्या बाजूला किंवा मागे लावणे. त्याची पाती पाण्यात थोडीच बुडतात. दुसरा, नावेच्या बुडात बोगद्यासारखी खोबण करून त्यात पंखा बसवणे, म्हणजे तो बुडाच्या खाली फारसा येत नाही. दोन्ही उपायांनी नाव कमी पाण्यात चालू लागली, पण ढकलणारे पाते पाण्यातच राहिले. तिसरा उपाय ऐकायला चमत्कारिक होता : पंखा पाण्याबाहेर काढा आणि हवेत फिरवा.

९/
असे केलेल्या पहिल्या नावेचा मान बहुधा टेलिफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चमूला दिला जातो. वर्ष १९०५, स्थळ कॅनडातील नोव्हा स्कॉशिया. बेल यांना नाव करायचीच नव्हती. त्यांना विमानाचे पंखे तपासायचे होते. त्यासाठी दोन तरंगते भाग जोडून त्यांवर इंजिन आणि पंखा बसवला. वेग ताशी सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. नाव ठेवले ‘अग्ली डकलिंग’, अर्थात कुरूप बदकाचे पिल्लू. रचनेकडे नीट पाहा : दोन तरंगते भाग एकत्र बांधलेले. ही सांगडच! अशा जोडनावेला इंग्रजीत कॅटमरॅन म्हणतात आणि तो शब्दही तमिळ ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे, यावरून गेला आहे.

१०/
प्रयोगशाळेतले हे यंत्र कामाला येण्यासाठी त्याची गरज भासणारा प्रदेश हवा होता. तो होता मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आता खानदेशातून एकदम तिकडे का? एक जुना दुवा आहे. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा आणि धरणगावला तिचे ठाणे ठेवणारा जेम्स आउट्रम आपल्याला माहीत असतो. हाच आउट्रम १८५७ साली इराणच्या मोहिमेचा सेनापती होता. मोहम्मराह जिंकल्यावर त्याने सुमारे ३०० शिपाई तीन लहान आगबोटींतून कारून नदीने अहवाझपर्यंत पाठवले. मुंबई इलाख्याच्या सैन्याला त्या बाजूच्या पाण्याची ओळख अशी जुनी होती. तरीही १९१४ साली पुरेशा उथळ तळाच्या बोटी हाताशी नव्हत्या.

११/
१९१४ च्या हिवाळ्यात सहावी (पूना) डिव्हिजन बसऱ्याला उतरली. मे १९१५ मध्ये ती कुर्ना येथे पोहोचलेली होती, तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या संगमापाशी. पूर आलेला, मैलोन्‌मैल शेते पाण्याखाली. पाणी बहुतेक ठिकाणी गुडघा-मांडीएवढे, मधूनच एखादा खोल कालवा आणि सर्वत्र उंच बोरू. तुर्कांची ठाणी पाण्यातून वर आलेल्या टेकाडांवर होती. युद्धनौकांना नदीचे मुख्य पात्र सोडता येत नव्हते आणि पायदळाला चालता येत नव्हते.

१२/
उपाय स्थानिक लोकांकडे होता. दलदलीतले अरब ‘बेलम’ नावाची लांबट, अरुंद, उथळ होडी बांबूने रेटत नेत. सैन्याने अशा शेकडो बेलम गोळा केल्या. एका होडीत आठ-दहा शिपाई. सतराव्या ब्रिगेडने आठवडेच्या आठवडे होडी रेटण्याचा सराव केला आणि याच ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. काही होड्यांना पुढे लोखंडी पत्र्याची ढाल बसवली. ३१ मे रोजी हल्ला झाला आणि यशस्वी झाला. पण पत्र्याने जड झालेल्या होड्या बोरूत अडकू लागल्या. उथळ पाण्याचा पहिला नियम असा शिकायला मिळाला : वजन वाढवाल, तर थांबाल.

१३/
या विजयाने सेनापती टाउनशेंड आणि वरिष्ठांची महत्त्वाकांक्षा वाढली. बगदाद खुणावू लागले. सैन्य नदीने वर वर सरकत गेले आणि मागे रसदीचा धागा लांबत, बारीक होत गेला. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, सारी भिस्त तैग्रिसवर. नदी वळणावळणाची, ओहोटीच्या ऋतूत उथळ आणि बोटी अपुऱ्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला लढाई झाली आणि अतोनात हानी सोसून डिव्हिजन मागे फिरली. जखमींना गर्दीने भरलेल्या पडावांवरून दिवसेंदिवस प्रवास करावा लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला फौज कूत-अल्-अमारा येथे पोहोचली आणि ७ डिसेंबरपासून वेढली गेली.

१४/
कूतमध्ये १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा पलटण अशा तीन मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ पर्यंत अन्न जवळपास संपले. सोडवायला निघालेली फौज नदीकाठच्या तुर्की फळीपुढे अडली. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट सुमारे २७० टन सामान घेऊन अंधारात निघाली. मगासीसजवळ नदीत आडव्या टाकलेल्या लोखंडी दोरात ती अडकली, काठाला रुतली आणि पकडली गेली. तिच्यावरचे दोन अधिकारी, फर्मन आणि काउली, यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कूतमधल्या शिपायांना धान्य मिळाले नाही.

१५/
त्याच पंधरवड्यात आणखी एक प्रयोग झाला. विमानांतून कूतवर पिठाची आणि इतर सामानाची पोती टाकली गेली. हवेतून रसद पोहोचवण्याचा इतिहासातला हा पहिला मोठा प्रयत्न मानतात. पण त्या विमानांची ताकद तोकडी. सारे मिळून दहा टनांहूनही कमी सामान पोहोचले. जुलनारवरचे २७० टन आठवा, म्हणजे पाण्याची वाट बंद होण्याचा अर्थ कळेल. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांची फौज शरण गेली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले.

१६/
चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात नदीवाहतुकीच्या तुटवड्यावर आणि जखमींच्या हालांवर कठोर टीका होती. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनीच केली. कूत पडले त्याच एप्रिलच्या अखेरीस टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली होती. उथळ नदीत अडकलेली बोट आणि स्वराज्याची मागणी एकमेकींना जन्म देत नाहीत. पण साम्राज्याच्या कारभारावरचा विश्वास ढळण्यात बोटीचाही वाटा होता.

१७/
यंत्रांकडे परत येऊ. युद्धाच्या रेट्याने तैग्रिसवर नव्या नौका आल्या. ‘फ्लाय’ वर्गाच्या लहान तोफनौका ब्रिटनमध्ये सुट्या भागांत बनवून अबादानला जोडल्या गेल्या. त्यांचा पंखा वर सांगितलेल्या बोगद्यात बसवलेला होता. आणि त्याच मोहिमेत ब्रिटिश सैन्याने हवेतल्या पंख्याने चालणाऱ्या सपाट बुडाच्या नौकाही वापरल्या. १९०९ साली आयफेल टॉवरभोवती विमान फिरवणारा काउंट द लांबेर पुढे अशा नौका बनवण्याकडे वळला होता. कूतच्या आकाशातून पुरेसे धान्य टाकू न शकलेले इंजिन आता पाण्यावर उतरले होते. या नौका मोठा माल वाहू शकत नव्हत्या. निरोप आणि अधिकारी मात्र झपाट्याने पोहोचवू शकत होत्या.

१८/
ही पंखानौका चालते कशी? पंखा हवा मागे ढकलतो आणि हवा नावेला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी गुपित नाही. अडचण अशी की पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड असते. पाण्यातला वीतभर पंखा जेवढा रेटा देतो, तेवढा हवेतून मिळवायचा तर खूप जास्त हवा ढकलावी लागते. थोडी हवा फार वेगाने फेकण्यात इंधन वाया जाते, म्हणून पंखा माणसाहूनही उंच ठेवतात. घरच्या कूलरने हे जमेल का, असे एखादा विचारेल. कूलर २०० वॅटचा धरला, तर ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी दीडशे कूलर लागतील!

१९/
बदल्यात मिळते ते मोलाचे. बुडाखाली काहीच नसल्याने नाव चार बोटे पाण्यावरून, चिखलावरून, ओल्या गवतावरूनही सरकते. इंजिन हवेने थंड होणारे असल्यास शेवाळ तुंबण्याचा प्रश्नच उरत नाही. सुकाणू पंख्याच्या मागे, विमानाच्या शेपटीसारखे उभे असते, म्हणून पंखा फिरत असेल तरच नाव वळते. साध्या पंखानौकेला ब्रेक नाही आणि मागे जाण्याची सोय नाही. आवाज कानठळ्या बसवणारा. पंख्याभोवती लोखंडी पिंजरा लागतोच, कारण तुटलेले पाते बंदुकीच्या गोळीसारखे सुटते.

२०/
युद्धानंतर या नौकेचा खरा विकास कुठे झाला? कोणत्याही नौदलाच्या गोदीत नव्हे. विमाननिर्माता ग्लेन कर्टिस याने १९२० साली फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत शिकारीसाठी अशी नाव बांधली. १९३० च्या दशकात तिथल्याच बेडूक पकडणाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी, एकमेकांच्या नकळत, जुनी विमानाची आणि मोटारीची इंजिने सपाट होड्यांवर चढवली. त्यांच्याकडे आराखडे नव्हते. बांधायची, बुडवायची, पुन्हा बांधायची, हीच त्यांची शाळा.

२१/
आणि १९४३ साली अमेरिकेच्या यूटा राज्यात, बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यात सेसिल विल्यम्स, लिओ यंग आणि जी. हॉर्टिन जेन्सन यांनी सुमारे बारा फूट लांबीची सपाट होडी घेऊन तिच्यावर ४० अश्वशक्तीचे विमानाचे इंजिन बसवले. तिथल्या दलदलीत बोटुलिझम या विषबाधेने बदके मोठ्या संख्येने मरत. आजारी पक्ष्यांपर्यंत पोहोचायला पाणी चालण्यासाठी खोल आणि बोटीसाठी उथळ होते. सैन्याच्या कामी आलेले यंत्र येथे बदके वाचवण्यासाठी धावू लागले. हतनूरच्या पक्षीप्रेमींनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याबरोबर हेही, की त्याच पंख्याचा गोंगाट थव्यांना उठवूही शकतो.

२२/
आता सगळे टप्पे एका ओळीत ठेवून पाहा. भोपळे भाजीसाठी पिकवलेले. ट्यूब ट्रकसाठी बनलेली. बेलम दलदलीतल्या लोकांच्या रोजच्या कामाची. बेलचे यंत्र विमानाच्या चाचणीसाठी. फ्लोरिडाची इंजिने भंगारातली. उथळ पाण्यावरचे जवळजवळ प्रत्येक साधन दुसऱ्याच कामासाठी असलेल्या वस्तूंची सांगड घालून उभे राहिले आहे. म्हणून ‘पंखानौकेचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला एकच नाव देता येत नाही. १९०५ हे वर्ष परीक्षेत लिहायला सोयीचे आहे, पण या शोधाचे धनी अनेक.

२३/
यातून इतिहासाच्या साधनांबद्दलही एक गोष्ट दिसते. जुलनारच्या अधिकाऱ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, कारण पदकांची नोंद राहते. बेलम बांधणाऱ्या अरब सुतारांची नावे आपल्या पुस्तकांत नाहीत. बोरूतून होडी रेटणारे मराठा शिपाई बहुतांशी पलटणीच्या क्रमांकाने उरले. आणि तापी-गिरणेच्या काठी सांगड बांधणाऱ्यांची तर कोणी यादीच केली नाही. भोपळा कुजतो, ट्यूब फाटते, थर्माकोलचा चुरा होतो. अशी साधने पुराणवस्तू संग्रहालयात पोहोचत नाहीत. ती टिकतात फक्त शब्दांत आणि सांगणाऱ्यांच्या आठवणीत.

२४/
म्हणून या धाग्याच्या वाचकांना एक काम. हतनूर, गिरणा किंवा तुमच्या गावच्या तलावावर मासेमारी करणारे कोणी ओळखीचे असतील, तर त्यांच्या तरंगत्या साधनाला ते काय म्हणतात हे विचारा. अहिराणीत, लेवा बोलीत, भिल्ली-पावरीत, जो शब्द असेल तो. ते कशाचे बनवतात, कोणाकडून शिकले आणि किती पाण्यात चालते, हेही लिहून ठेवा. त्यांची परवानगी असेल तर फोटो काढा आणि त्यावर गावाचे नाव आणि तारीख टाका. उत्तरे या धाग्याखाली लिहा. जे शब्द जमतील, त्यांवर पुढचा धागा. 🙏